घडी घातलेले टॉवेल कुठं जातात

मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला शेतात भांडायचं नाही, हा बसव्वांचा नियम होता. शेतात उभारलेल्या कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा व्हायची, पालेभाज्या-डाळींची भज्जी आणि आंबील जेवून हात धुवून व्हायचे, तोवर कुणी आवाज चढवायचा नाही. त्यानंतर खुशाल भांडा. या नियमानं भांडण टळत नसे. सगळं घर सकाळपासून ओठ मिटून डोळ्यांनी भांडत राही एवढंच, आणि श्रीदेवीला त्याचा मनापासून वैताग येई. तोंडानं भांडलेलं परवडलं, निदान कोण काय म्हणतंय ते तरी कळतं.

यंदा तर टेम्पोत बसल्यापासूनच सुरुवात झाली. कारखान्याचा टेम्पो थोरले दीर सिद्धप्पा स्वतः चालवत होते आणि एकही खड्डा सोडत नव्हते. शेजारी सासूबाई बसव्वा रस्त्याकडं बघत बसलेल्या. मागं, जिथं एरवी टॉवेलांचे गठ्ठे असतात तिथं सतरंजी टाकून श्रीदेवी, तिचा नवरा शरणबसव आणि कालच्या एसटीनं मंगळवेढ्याहून आलेली लेक दानेश्वरी बसली होती. कोपऱ्यात तिचा मुलगा मुत्तू, आंबिलीचं मडकं दोन्ही हातांनी छातीशी धरून.

"मुत्तू, खाली ठेव की ते. हात भरून येतील," श्रीदेवी म्हणाली.

"सांडल."

"नाही सांडत."

"सांडल," मुत्तू म्हणाला आणि टेम्पोच्या पत्र्याकडं वर-खाली बघू लागला.

"काय बघालास रे एवढं?" दानेश्वरीनं विचारलं.

"गाडी मोठी हाय. लई टॉवेल बसतात."

"बसतात की."

"व्हय," मुत्तू म्हणाला. कारखान्यातल्या बायकांत राहून त्याचं बोलणं 'हाय-न्हाय'वर गेलं होतं. श्रीदेवीनं ते सुधारायचा नाद केव्हाच सोडला होता. सुधारण्यासारख्या इतर गोष्टी का कमी होत्या?

आता मुत्तू म्हणजे मृत्युंजय, वय तेवीस. तो जन्मला तेव्हा डॉक्टर 'डाउन सिंड्रोम' म्हणाले आणि बसव्वा 'देवाचं लेकरू' म्हणाल्या. या दोन्ही शब्दांनी त्याला शर्टाची बटणं लावता येणार नव्हती, हे श्रीदेवीला पहिल्याच वर्षी कळलं. मग ती हात धुवून मागं लागली. बटणं, बूट, दात घासणं, रस्ता ओलांडणं, दाढी, शेअर रिक्षात 'पुढं उतरायचंय' म्हणून सांगणं. एकेका गोष्टीला वर्षं गेली आणि प्रत्येक गोष्टीत घरचं कुणीतरी मध्ये आलं. ती त्याला बटण लावायला शिकवायची, तोवर अज्जी येऊन लावून टाकायची. ती त्याला दुकानात पाठवायची, तर बाप चपला घालून मागोमाग निघायचा. पण काही गोष्टी जमल्याच. रोज सकाळी उठून तो स्वतः गॅस पेटवून आईसाठी चहा करतो, हे श्रीदेवी सगळ्या नात्यात सांगत असे. ते खरंही होतं. त्या चहाचं पुढं काय होतं, ते मात्र कुणी विचारत नसे आणि ती सांगत नसे.

आणि सगळ्यात मोठा विजय म्हणजे नोकरी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, घरच्याच टॉवेलच्या कारखान्यात, सिद्धप्पांनी त्याला दोन वर्षांपूर्वी घडीच्या कामाला बसवलं. स्वतंत्र टेबल, वर पंखा, महिन्याला पगाराचं पाकीट. रोज सकाळी सिद्धप्पा त्याला गाडीवर मागं बसवून नेत, संध्याकाळी आणून सोडत. बायको गेल्यापासून सिद्धप्पांना दुसरं होतं तरी कोण? मूलबाळ नाही. 'माझा फोल्डिंग मास्तर' म्हणून ते त्याची ओळख करून देत आणि मुत्तू छाती काढून उभा राही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना गेल्या आठवड्यात सिद्धप्पांनी मुत्तूला रंगेहाथ पकडलं. म्हणजे तो दुसऱ्याच्या कारखान्यात काम करताना सापडला.

जेवणाच्या सुट्टीत डबा पटापट संपवून मुत्तू कुठं जातो, हा प्रश्न त्यांना काही दिवस पडला होताच. ते मागोमाग गेले. पलीकडच्या रांगेत सुंदरम्मा नावाच्या बाईचा नॅपकिनचा छोटा कारखाना होता. दारावर 'पॅकिंगसाठी मुले-मुली पाहिजेत' अशी पाटी. ती पाटी मुत्तूनं एकेक अक्षर लावत वाचली होती आणि आत जाऊन 'मी मुलगा हाय' म्हणून सांगितलं होतं. सुंदरम्मानं हसत त्याच्यापुढं नॅपकिनांचा ढीग टाकला. तेव्हापासून साहेब रोज दुपारी तिथं. सिद्धप्पा दारात जाऊन उभे राहिले, तर मुत्तूनं मान वर करून थोरल्या काकाकडं बघितलं आणि म्हणाला, "थांब दोड्डप्पा, एवढं डझन होऊ दे."

सुंदरम्मानं सरळ सांगितलं होतं, पोरगा हळू आहे पण काम नीट करतो. वेळ अमावास्येच्या दुसऱ्या दिवसापासून पूर्ण दिवस घेते. फक्त घरच्या मोठ्या माणसानं येऊन एकदा हो म्हणावं, म्हणजे उद्या माझ्या नावानं कुणी बोंब मारायला नको.

म्हणजे उद्या. आणि घरचं मोठं माणूस म्हणजे सिद्धप्पा, जे गेले चार दिवस धड जेवले नव्हते.

*

शेतात ज्वारी कमरेच्या वर आली होती. कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पूजा झाली. मग शेताच्या कडेनं आंबील शिंपडत फिरायचं. दरवर्षीप्रमाणे मडकं सिद्धप्पांच्या हातात आणि मुत्तू त्यांच्या उपरण्याचं टोक धरून मागं.

"त्याला धरू दे की मडकं यंदा, भाऊजी," श्रीदेवी म्हणाली. "इथवर तोच घेऊन आलाय."

"ढेकळं आहेत. पडंल."

"पडला तर उठंल."

बसव्वांनी डोळे वटारले. नियम. श्रीदेवीनं तोंड मिटलं आणि पुढचा अर्धा तास बाजरीचे उंडे इतक्या जोरात फोडले की दानेश्वरीनं ताट बाजूला ओढून घेतलं.

जेवणं झाली. भज्जी नेहमीपेक्षा चांगली झाली होती, पण त्या दिवशी ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. शेवटचा हात धुवून झाला, बसव्वांनी तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "हं. आता बोला."

जणू शिट्टी वाजली.

"माझं एकच म्हणणं आहे," सिद्धप्पा गुडघ्यावर हात मारून म्हणाले. "घरचा कारखाना असताना आपलं पोरगं दुसऱ्याच्या दारात पॅकिंगला? अख्खी एमआयडीसी मला विचारालीय, काय सिद्धप्पा, पुतण्याला सांभाळणं होईना का? काय सांगू मी?"

"सांगा की त्याला दुसरीकडं नोकरी लागली म्हणून," दानेश्वरी म्हणाली. "लोक पेढे वाटतात, दोड्डप्पा."

"तुला काय कळतंय? ती बाई कामाची पक्की आहे. लई ओरडती. माझ्याकडं त्याला कुणी अरे-तुरे करत नाही, माहीत आहे का?"

"आम्ही कुठं नाही म्हणालो?" शरणबसव म्हणाला. हा त्याचा ठरलेला डाव. कुठल्याही भांडणात आधी असं वाक्य टाकायचं, ज्यात कुणाचीच बाजू नसते. "बघू की. घाई काय आहे?"

"अप्पा, उद्या आहे!"

"मग उद्या बघू."

श्रीदेवीनं कपाळावर हात मारला. पंचवीस वर्षं या माणसाचं 'बघू' ऐकत आली होती ती. तिचं माहेर नातेपुत्याचं, तिथं माणसं हो म्हणतात किंवा नाही म्हणतात. इथं येऊन ती कानडी शिकली आणि 'बघू'ही शिकली.

"याक बेकू आपल्याला?" बसव्वा म्हणाल्या. "कशाला पाहिजे हे? देवाचं लेकरू हाय ते. बसू दे की पंख्याखाली. आपल्याला काय कमी हाय?"

"अज्जी, त्याला काय पाहिजे ते कुणी विचारलं का?"

"त्याला विचारून काय हुतंय? लहान हाय त्यो."

"तेवीस वर्षांचा आहे! या वयात अप्पांचं लग्न झालं होतं."

"अगं दानेश्वरी, गप जरा," श्रीदेवी म्हणाली, आणि लेकीनं तिच्याकडं असं बघितलं की तिला कानशिलात बसल्यासारखं झालं.

"आई? तू पण?"

"मी पण काय?" श्रीदेवी भडकली. "मला शिकवू नकोस. याच्या एकेका बटणासाठी मी सगळ्या घराशी भांडलेय, तेव्हा तू शाळेत कविता पाठ करत होतीस. मला तो उभा राहायला नकोय का? पण उभा आहे की तो! भाऊजींनी टेबल दिलंय, काम दिलंय, दोन वर्षं एक दिवस खाडा नाही. एवढ्या वर्षांनी एक गोष्ट धड मार्गी लागली, ती मोडून नवीन कशाला? तिथं काही झालं, कुणी हसलं, तर परत येऊन कोपऱ्यात बसेल. मग पुन्हा पहिल्यापासून कुणी शिकवायचं? तू? तू जाशील मंगळवेढ्याला."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं, पण मागं घ्यायला ती तयार नव्हती. सिद्धप्पांनी मात्र कृतज्ञतेनं तिच्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत दीर-भावजय पहिल्यांदा एका बाजूला आले होते आणि ते दोघांनाही अवघडल्यासारखं वाटत होतं.

मुत्तू कोपीच्या दाराशी बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होता. सोललेले दाणे एका पानावर, टरफलं दुसऱ्या पानावर. हे सगळं आपल्याबद्दल चाललंय हे त्याला कळत नव्हतं, असं फक्त त्याला न ओळखणाऱ्या माणसाला वाटलं असतं.

"मुत्तू," श्रीदेवी शेवटी त्याच्यावरच घसरली. "अरे, दोड्डप्पाकडं काय वाईट आहे? पंखा आहे, टेबल आहे, घरचे सगळे आहेत. जेवायचं सोडून त्या बाईकडं का पळतोस?"

मुत्तूनं हातातला घाटा पूर्ण सोलला. मग म्हणाला, "सुंदरम्माचे टॉवेल गाडीत जातात."

"म्हणजे?"

"मी घडी घालतो. डझन करतो. बांधतो. मग टेम्पो येतो, गाडीत जातात. पुन्हा येत न्हाईत."

"मग? दोड्डप्पाचेही जातात की गाडीत. आज बसून आलास तोच तर टेम्पो."

"माझे न्हाई जात."

सिद्धप्पा एकदम उठले. "चला, उन्हं कलली. भांडी उचला."

"थांबा भाऊजी," श्रीदेवी म्हणाली. का म्हणाली ते तिलाही सांगता आलं नसतं. इतक्या वर्षांत त्यांना भांडी उचलायची घाई झालेली तिनं कधी पाहिली नव्हती. "तुझे कुठं जातात रे मग?"

"टोपल्यात," मुत्तू म्हणाला. "निळा टॉवेल हाय. फुलाचा. कोपऱ्यात ऑइलचा डाग हाय, असा." त्यानं जमिनीवर बोटानं एक वाकडा गोल काढला. "त्यो रोज येतो. मी घडी घालतो, दुसऱ्या दिवशी टोपल्यात पुन्हा तोच. हिरवा पण येतो, दोरा निघालेला. सगळे तेच येतात."

दूर रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला.

"भाऊजी," श्रीदेवी म्हणाली. "हा काय म्हणतोय?"

सिद्धप्पा पुन्हा खाली बसले. उपरण्यानं तोंड पुसलं, मग मान पुसली, मग पुन्हा तोंड.

"सुरुवातीला दिला होता मी त्याला चांगला माल," ते म्हणाले. "शपथेवर सांगतो. पण कोपरे जुळायचे नाहीत. एक ऑर्डर परत आली, पार्टी व्यवहार तोडते म्हणाली. आता काय करू मी? काढून टाकू त्याला? घरी बसवू? मग डागाचा माल होता, विकला न जाणारा, तो दिला. म्हटलं घालू दे घड्या. संध्याकाळी हा गेला की झाडलोटवाली केराबाई घड्या सोडून ठेवायची, सकाळी पुन्हा... त्याला काही कळत नव्हतं की! खूष होता. रोज शाब्बास म्हणायचो मी. कुणाचं काय बिघडत होतं?"

"दोन वर्षं?" दानेश्वरी हळूच म्हणाली.

"दोन वर्षं!" श्रीदेवी हळू बोलणाऱ्यातली नव्हती. शेजारच्या शेतातली माणसं वळून बघू लागली, तिला पर्वा नव्हती. "दोन वर्षं माझ्या पोराला खुळ्यात काढलंत तुम्ही! मी सगळ्या गावाला सांगत फिरतेय, माझा मुलगा नोकरी करतो, नोकरी करतो, आणि तुम्ही त्याला... बालवाडीतल्या पोरांना देतात तसे ठोकळे दिलेत? पगाराचं पाकीट त्याच्या हातात देताना लाज नाही वाटली? त्याला येत नव्हतं तर सांगायचं होतं येत नाही म्हणून! मला सांगायचं होतं! रात्रंदिवस बसून शिकवलं असतं मी!"

"तेच नको होतं मला!" सिद्धप्पाही आता ओरडले. "तू शिकवतेस तेव्हा बघितलंय मी त्याचं तोंड. रडवेलं व्हायचं पोरगं. माझ्याकडं हसत होता तो, हसत! तेवढं दिलं मी त्याला. दुसरं काय येतंय मला?"

"सुम्न कुंद्रु, गप बसा दोघं पण," बसव्वा मध्ये पडल्या. आणि मग, ज्याची कुणालाच अपेक्षा नव्हती ते झालं. त्या मुत्तूकडं वळल्या आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्याला एक प्रश्न विचारला. "मुत्तू, तुला कधी कळलं रे हे?"

"लई आधी," मुत्तू म्हणाला. "डबा विसरला होता. आणायला गेलो परत. केराबाई सोडत होती सगळे."

"आणि तू बोलला नाहीस?" श्रीदेवीचा आवाज चिरकला. "घडी घालत राहिलास?"

"दोड्डप्पा खूष होतो," मुत्तूनं समजावून सांगितलं. "रोज येऊन बघतो. शाब्बास म्हणतो. मग चहा घेतो माझ्याबरोबर. एकटा असतो तो."

सिद्धप्पांनी तोंडावर उपरणं धरलं. कानशिलांजवळचे पांढरे केस तेवढे दिसत होते, खांदे हलत होते. शरणबसव उठला आणि थोरल्या भावाच्या शेजारी जाऊन बसला. काही बोलला नाही, 'बघू'सुद्धा नाही.

"पण केराबाईची पाठ दुखती आता," मुत्तू सांगत होता. "वाकून सगळे सोडायला लागतात. घरी जायला उशीर. म्हणून मी दुसरीकडं बघितलं."

अशा वेळी तिला एकच गोष्ट करता यायची, आणखी चिडणं. "आणि ती सुंदरम्मा ओरडते तुझ्यावर, ते चालतं?"

मुत्तूचा चेहरा उजळला. "लई ओरडती! 'कोपरा बघ, कोपरा बघ' म्हणती. वाकडी झाली की सोडती घडी. माझ्यासमोर सोडती. मग म्हणती, परत घाल. मी परत घालतो. मग गाडीत जाते."

हे त्यानं इतक्या अभिमानानं सांगितलं की दानेश्वरीला हसू आणि रडू एकदमच आलं. श्रीदेवी मात्र दिराकडं वळली. तिचं अजून पुरतं व्हायचं होतं. "बघा! परक्या बाईला जे कळलं ते घरच्या माणसाला कळू नये? तोंडावर सांगायचं सोडून पाठीमागं सोडून ठेवायचं? कसली ही माया? असली माया करणाऱ्या माणसाला मी..."

"आई," मुत्तू म्हणाला, "तू पण चहा बेसिनात ओततीस की."

श्रीदेवीनं पटकन उंड्यांचं ताट पुढं ओढलं.

"काय ओतती?" बसव्वांनी विचारलं.

"चहा. मी करतो त्यो. छान झालाय म्हणती. मी आंघोळीला गेलो की ओतती. मग दुसरा करती." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. केराबाईच्या पाठीबद्दल सांगितलं होतं तसंच हेही सांगत होता. "वास येतो की बेसिनला, वेलचीचा."

आधी दानेश्वरीनं तोंडाला पदर लावला. मग शरणबसव खोकल्यासारखं करू लागला. बसव्वांनी हसू दाबायचा प्रयत्नच केला नाही. श्रीदेवीला वाटलं जमीन फाटावी. सकाळपासून, सकाळपासून कसली, गेली तेवीस वर्षं ती या घरातल्या प्रत्येकाला शहाणपण शिकवत आली होती, आणि हा गडी रोज बेसिनचा वास घेऊन गप्प बसत होता. तिला राग आला. मुत्तूचा आला, दिरांचा आला, हसणाऱ्या नवऱ्याचा तर फारच आला. आणि या सगळ्या रागाच्या तळाशी तिला स्वतःची लाज वाटत होती, साधी आणि स्पष्ट.

सिद्धप्पांनी उपरणं खाली घेतलं. डोळे लाल झाले होते. ते हसले नाहीत, हे मात्र श्रीदेवी त्यांचं कधी विसरणार नव्हती.

"तुझं-माझं सारखंच झालं," ते म्हणाले.

"माझा नुसता चहा आहे," ती फणकारली. पण त्यात आता जोर नव्हता.

"उद्या गाडीवर सोडू का तुला सुंदरम्माकडं?" सिद्धप्पांनी मुत्तूला विचारलं. कारखान्यात चाळीस माणसांवर ओरडणारा हा माणूस पुतण्याला परवानगी मागत होता.

"नको. रिक्षानं जातो," मुत्तू म्हणाला. मग विचार करून म्हणाला, "पण तू ये. मोठ्या माणसानं हो म्हणायला पाहिजे. मोठा तूच हायस की."

"येतो."

"आणि सुट्टीत मी येतो. चहाला."

सिद्धप्पांनी मान हलवली.

भांडी टेम्पोत चढली. रिकामं मडकं बसव्वांनी स्वतःच्या मांडीत घेतलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी हे मुत्तू धरंल. आत्ताच सांगून ठेवते."

"अत्ती, ढेकळं असतील," श्रीदेवी म्हणाली.

"असू दे की. पडला तर उठंल," बसव्वा म्हणाल्या. हे वाक्य आपलंच होतं हे श्रीदेवीला आठवलं, पण सासूबाईंना ते सांगण्यात अर्थ नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मुत्तूनं नेहमीसारखा चहा आणून समोर ठेवला. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, त्यातला एक जरा वर चढलेला. श्रीदेवीचा हात आपसूक त्या पट्ट्याकडं गेला, तो तिनं कपावर नेला.

एक घोट घेतला. साखरेचा पाक, त्यात वेलचीची अख्खी मूठ. 'छान झालाय' हे शब्द सवयीनं जिभेवर आले. मुत्तू समोर उभा होता. तो आंघोळ उरकूनच आला होता, म्हणजे आज आत जाण्याचं निमित्तही नव्हतं. आज तो थांबून बघणार होता.

"मुत्तू," ती म्हणाली, आणि तिला वाटलं आपण त्याला मारतोय. "गोड झालाय. लई गोड. पिववत नाही. वेलची पण जास्त झाली."

मुत्तूनं कपात बघितलं. त्याचं तोंड रडवेलं झालं नाही. कुणी कामाचं बोललं की कामाची माणसं करतात तसं त्यानं कपाळाला आठी घातली.

"किती घालू साखर?"

"दोन कपाला दोन चमचे. सपाट. डोंगर नाही करायचा."

"सपाट," तो म्हणाला. "बरं."

श्रीदेवीच्या छातीवरचं ओझं एवढं उतरलं की तिला पुन्हा आपली जुनी हिंमत आली. तिनं कप उचलून बेसिनमध्ये ओतला, त्याच्यासमोर, आणि पातेलं त्याच्यापुढं सरकवलं. "जा. परत कर."

मुत्तूनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मग डबा उचलला, चपला पायात सरकवल्या.

"तूच कर आई," तो दारातून म्हणाला. "मला कामावर जायचंय."

आणि तो गेला. जिना उतरताना त्याच्या चपलांचा आवाज आला, मग खाली रिक्षावाल्याला सांगताना त्याचा आवाज आला, 'एमआयडीसी'. मागोमाग जायला शरणबसव चपला शोधत होता. त्याच्या चपला श्रीदेवीनं काल रात्रीच माळ्यावर टाकल्या होत्या.

"उद्धट झालाय तुमचा मुलगा," ती नवऱ्याला म्हणाली. डोळ्यांतलं पाणी पुसायला तिच्याकडं हात मोकळा नव्हता, एका हातात कप आणि दुसऱ्यात पातेलं होतं. मग तिनं गॅस पेटवला आणि स्वतःसाठी चहा टाकला.